पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यावर टाळांचं काय होतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा वारकरी कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या १४ कॅसेट, बहुतेक साठ मिनिटांच्या, १९८०च्या दशकातल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी एका दुकानातून त्या एमपीथ्री करून घेतल्या. मग भावाने सुरुवातीची आणि मधली शांतता कापली. काकांना आवाज बारीक वाटला म्हणून त्यांनी तो वाढवून दिला. तुम्ही मोबाइलमधल्या ॲपवर एकेका अभंगाचे तुकडे केलेत, आणि आता पुण्यतिथीसाठी त्यातले निवडक जोडून एक फाइल बनवलीत. आजोबांचा आवाज बरा आहे, पण टाळ ‘पाण्याखाली वाजल्यासारखे’ येतात. फाइल सारखी उघडून-बंद करून झिजली का, आणि ३२० केबीपीएसच्या मोठ्या दर्जावर सेव्ह केली तर सुधारेल का, हे तुमचे दोन प्रश्न. आणि जाता जाता एक वाक्य: कॅसेट अजून माळ्यावर आहेत.

ते शेवटचं वाक्य वाचून मी सुटकेचा श्वास टाकला. त्याकडे येतोच.

आधी झिजण्याचं. फाइल उघडून, ऐकून, बंद करून झिजत नाही. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हजार वेळा कॉपी केली तरी हजारावी प्रत पहिलीसारखीच, बिटाला बिट. नाव बदला, फोल्डर बदला, झिप करा, गायकाचं नाव आणि फोटो टॅगमध्ये भरा, आतल्या आवाजाला धक्का लागत नाही. ही भीती आपल्या पिढीच्या हाडात मुरली आहे ती कॅसेटमुळे. खासगी मैफलींच्या टेपा कशा फिरायच्या आठवतंय? कुणाकडे तरी मूळ टेप, त्याच्यावरून एकाने उतरवून घेतलेली, त्याच्यावरून दुसऱ्याने. प्रत्येक पायरीला टेपची सळसळ वाढायची, तारांचा झणका मंद व्हायचा. जाणकार विचारायचे, ‘ही कितवी कॉपी?’ तो प्रश्न डिजिटलमध्येही विचारायचाच आहे, फक्त पायरी वेगळ्या ठिकाणी मोजायची.

सोनाराचं बघा. दागिना कपाटात ठेवला, काढून दाखवला, शेजारणीला घालायला दिला, तरी वजन तेवढंच. मोडून पुन्हा घडवला की मात्र घट जाते. एमपीथ्री एखाद्या ॲपमध्ये उघडली की ती मोडली जाते, म्हणजे तिचे साधे कच्चे नमुने, क्षणाक्षणाला आवाज किती याचे आकडे, केले जातात. त्यावर कापाकापी झाली आणि तुम्ही पुन्हा एमपीथ्री म्हणून सेव्ह केलं की ती नव्याने घडवली जाते, अगदी पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत. तुम्ही फक्त शेवटची दहा सेकंदं कापली असलीत तरीही. ‘सेव्ह’ हा शब्दच इथे फसवा आहे. पत्र टाइप करून सेव्ह करण्याची सवय असलेल्या माणसाला वाटतं, आहे तसं ठेवलं.

आता तुमच्या फाइलच्या पायऱ्या मोजू. दुकानातली पहिली. भावाची दुसरी. काकांची तिसरी. तुमचे तुकडे चौथी, जोडणी पाचवी. मधे कुणी तिला व्हिडिओत घालून व्हॉट्सॲपवर फिरवलं असेल आणि तुम्ही तिथून परत घेतली असेल, तर सहावी. टाळ बुडाले त्याचं एक मोठं कारण हे. पण टाळच का, आजोबांचा आवाज का नाही, हे कळायला एकदा एमपीथ्रीच्या पोटात डोकवावं लागेल.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट येतात, मिनिटाला साधारण १०.६ मेगाबाइट. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांची, एमपीथ्री मिनिटाला पुरता एक मेगाबाइटही घेत नाही. अकरा पोती धान्य एका पोत्यात भरायचं म्हटल्यावर काहीतरी खाली ओतावंच लागणार.

हे कुणाला सुचलं म्हणून नावं ठेवू नका. एमपीथ्री मुख्यतः जर्मनीत, एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत घडली आणि ‘.एमपीथ्री’ हे शेपूट तिला १९९५ साली लागलं. तेव्हाचा २८.८ केबीपीएसचा मोडेम धरा. पाच मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात उतरवायला चार तास लागले असते, आणि १२८ च्या एमपीथ्रीत बावीस-तेवीस मिनिटं. त्या काळाला ते वरदान होतं. आपण आज पेनड्राइव्हवर ६४ जीबी मोकळी असताना त्याच सवयीने वागतो, ही आपली चूक.

तर एमपीथ्री आवाजाचे ११५२-११५२ नमुन्यांचे घास करते. एक घास म्हणजे २६ मिलिसेकंद. कच्च्या रूपात त्या घासाला ४,६०८ बाइट लागतात आणि १२८ वर त्याला जागा मिळते ४१८ बाइटची. घासातला आवाज आधी बारीक बारीक स्वरपट्ट्यांमध्ये वाटला जातो, ५७६ पट्ट्या. मग एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री घडवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक पट्टीत विचारतो, इथे किती चूक खपेल? कारण कानाची एक खोड आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या पट्टीतला बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. मृदंगावर थाप पडते त्या क्षणी त्याच सुमाराच्या स्वरात कुणी हुंकार दिला तर तो आपल्यापर्यंत पोचत नाही. मग तो कशाला जपून ठेवा? एन्कोडर तिथले आकडे ढोबळ करतो, ३.७ ला ४ म्हणतो, ०.३ ला शून्य. त्या ढोबळपणामुळे एक बारीक खरखर तयार होते, पण ती नेमकी थापेच्या आडोशाला लपवलेली असते. चांगल्या एन्कोडरची सगळी कारागिरी या लपवण्यात आहे, आणि पहिल्या फेरीत ती खरंच थक्क करणारी असते.

आता टाळ घ्या. वीस टाळकरी मागे उभे आहेत. टाळाचा ठोका म्हणजे एकदम सुरू होणारा, धातूचा, बहुतेक जीव वरच्या पट्ट्यांत असलेला आवाज. एन्कोडरच्या दृष्टीने यात सगळ्या अडचणी एकाच वेळी येतात. पहिली, ठोका घासाच्या मधोमध पडतो, पण ढोबळपणाची खरखर पसरते सगळ्या घासभर, म्हणजे ठोक्याच्या आधीसुद्धा. ठोक्यानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंदं माफ करतो. ठोक्याआधीची मात्र दोन-चार मिलिसेकंदांपलीकडे माफ करत नाही. मग टाळ ‘खण्’ असा न येता ‘ष्खण्’ असा येतो, जणू आधी कुणी वाळू ओतली. चांगला एन्कोडर अशा वेळी घास लहान करतो, पण लहान घासांना जास्त बाइट लागतात, आणि वीस टाळ दर मात्रेला वाजत असतील तर तो उसनवारी तरी कुठून करणार?

दुसरी अडचण तुमच्या ‘पाण्याखाली’ची. वरच्या पट्ट्यांसाठी बाइट पुरेनासे झाले की एन्कोडर या घासात काही पट्ट्या शून्य करतो, पुढच्या घासात जागा उरली तर परत आणतो, त्याच्या पुढच्यात पुन्हा शून्य. सेकंदाला अडतीस-एक घास. टाळाची लांबत जाणारी आस सलग न राहता अशी उघड-झाप करते, आणि कानाला ती लाटांवर हलणाऱ्या चकाकीसारखी लागते. तुम्ही शब्द अगदी अचूक वापरलात. आम्ही स्टुडिओत हिला ‘गुळण्या’ म्हणतो.

आजोबांचा आवाज याच्या उलट. बोलण्या-गाण्याचा मुख्य ऐवज साधारण चार किलोहर्ट्झच्या आत असतो, तिथे एन्कोडर बाइट आधी घालतो. म्हणून आवाज टिकला. पण ‘स’ आणि ‘श’ नीट ऐका. ‘संत’मधला ‘स’ जरा बोबडा झालेला सापडेल.

हे एका फेरीचं झालं. दुसऱ्या फेरीत काय बिघडतं? दुसऱ्या एन्कोडरला माहीतच नसतं की या आवाजात आधीची खरखर मिसळलेली आहे. त्याला ती कीर्तनाचाच भाग वाटते. तिला जपण्यावर तो आपले मोजके बाइट खर्च करतो, आणि वर स्वतःची नवी खरखर घालतो. पहिल्याने आडोसा पूर्ण वापरलेला, दुसऱ्याची खरखर आडोशाच्या बाहेर डोकावते. शिवाय घासांच्या सीमा जुळत नाहीत. एमपीथ्री करताना आणि उघडताना सुरुवातीला हजारभर नमुन्यांची, म्हणजे पंचविसेक मिलिसेकंदांची, रिकामी जागा शिरते. काही प्रोग्रॅम ती कापतात, काही नाही. त्यात भावाने सुरुवात कापली. त्यामुळे जुन्या घासाचा अर्धा तुकडा नव्या एका घासात, अर्धा दुसऱ्यात. काकांनी आवाज वाढवला म्हणजे सगळे आकडेच बदलले, आता ३.७ चा ४ झालेला परत ४ राहणार नाही, ५.६ होऊन ६ होणार. काहीही न बदलता, त्याच एन्कोडरने, सीमा जुळवून परत सेव्ह केलं असतं तर नुकसान बरंच कमी झालं असतं. पण काही बदलायचं नसेल तर कोण सेव्ह करतं?

शिकवताना मी एक प्रयोग करतो. भजनातली तीस सेकंदं, तंबोरा, पेटी, तबला, झांज. वेव्ह फाइल, म्हणजे कच्चे नमुने न आटवता ठेवलेली, घेऊन १२८ ची एमपीथ्री करतो, ती उघडून थोडी सरकवून पुन्हा १२८, असं दहा वेळा. पहिली आणि मूळ यातला फरक वर्गातल्या बहुतेकांना सांगता येत नाही, साध्या हेडफोनवर मलाही दर वेळी येत नाही. तिसरीला झांज जाते. पाचवीला ‘स’ बोबडा. दहावीला तंबोऱ्याची जवारी संपलेली असते, तारेवरून सुटणारे वरचे स्वर एकत्र चिकटून शिट्टीसारखं काहीतरी राहतं. तोच प्रयोग ३२० वर केला तर दहावी फेरीसुद्धा ऐकण्यासारखी राहते, घट जाते पण हळूहळू. आणि तोच फ्लॅक नावाच्या, काहीही न फेकणाऱ्या पद्धतीवर केला की मी मुलांना गोष्ट ऐकवत नाही, दाखवतो: मूळ फाइल आणि शेवटची फाइल एकावर एक ठेवायच्या, एकीच्या ध्वनिलहरी वरच्या खाली, खालच्या वर अशा उलट्या करायच्या, दोन्ही मिसळायच्या. समान असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. फ्लॅकमध्ये उरते निखळ शांतता, शून्य. एमपीथ्रीत उरतो तो खाली ओतलेला माल: टाळांच्या कडा, सळसळ, शब्दांची भुतं. त्या भुतांच्या आवाजावरून दर्जा ठरवू नका हं, काही जण ते ऐकून घाबरतात. लपलेलं होतं तोवर ते ऐकू येत नव्हतंच.

फ्लॅक म्हणजे काय ते इथेच सांगतो. ती पण आवाज आटवते, पण काही न फेकता, पत्र घडी घालून पाकिटात घातल्यासारखी. फाइल साधारण अर्धी-पाऊण होते. उघडली की तोच मजकूर. २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि फाइलच्या पोटात मूळ आवाजाची एक ओळखखूण लिहिलेली असते, त्यामुळे वर्षांनी डिस्क कुठे सडली असेल तर पडताळून बघता येतं. वेव्हमध्ये ती सोय नाही. मला विचाराल तर घरच्या संग्रहाला फ्लॅकच.

आता ३२० चा प्रश्न. नाही, सुधारणार नाही. पातळ केलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतल्याने घट्ट होत नाही. फाइल अडीचपट होईल, आणि वाईट म्हणजे पुढे कुणालातरी वाटेल की ही चांगली प्रत आहे. असल्या खोट्या ३२० फाइलींचा मला राग येतो. संगीताच्या संग्रहात त्या ढिगाने सापडतात. ओळखायचं कसं? ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कुठल्या उंचीचे स्वर आहेत ते दाखवणारं चित्र, बघा. १२८ वर केलेल्या फाइलीत सोळा-सतरा किलोहर्ट्झच्या वर सगळं कापल्यासारखं काळं असतं, सुरीने सपाट. ३२० च्या खऱ्या फाइलीत ती रेष वीसच्या आसपास असते. तुमच्या बाबतीत मात्र हा निकष फसवेल, कारण देवळातल्या टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमध्ये मुळातच इतकं वर काही नसतं. तिथे रेष न बघता भोकं बघा. पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग वाळवी लागलेल्या कागदासारखा छिद्राछिद्रांचा दिसला तर समजा गुळण्या तिथे आहेत.

एमपीथ्रीची वेव्ह केली तर? त्यानेही सुधारत नाही, पण बिघडतही नाही. हाती फक्त एमपीथ्रीच उरली असेल आणि अजून काम करायचं असेल, तर शहाणपण यातच आहे: एकदा वेव्ह करा, सगळी कापाकापी, जोडणी, आवाज कमी-जास्त तिच्यावरच करा, आणि अगदी शेवटी एकदाच एमपीथ्री काढा. पाचाऐवजी दोनच फेऱ्या होतात. ऑडॅसिटी वापरत असाल तर तिचा प्रोजेक्ट जपून ठेवा. त्याच्या पोटात काम ३२ बिटांत चालतं, तिथे कितीही वेळा सेव्ह केलं तरी घट नाही. वेव्हला नाव देताना मात्र ‘एमपीथ्रीवरून’ असं लिहा. नाहीतर दहा वर्षांनी तुमचा मुलगा तिलाच मूळ समजेल.

काही कामं तर मोडल्याशिवाय होतात, हे फार कमी जणांना माहीत असतं. नुसतं कापायचं असेल तर एमपीथ्री डायरेक्ट कट नावाचा छोटा विंडोज प्रोग्रॅम आहे, तो घासांच्या सीमेवरच कापतो आणि बाकीचे घास आहेत तसे उचलून ठेवतो. सव्वीस मिलिसेकंदांच्या अलीकडे-पलीकडे कापलं गेलं तर कीर्तनात कुणाला कळणार आहे? आवाज वाढवायचा असेल तर एमपीथ्री गेन. प्रत्येक घासात ‘एकूण आवाज किती’ असा एक आकडा लिहिलेला असतो, तो प्रोग्रॅम तेवढाच बदलतो. एकेका पायरीला दीड डेसिबल, आणि परत मागेही घेता येतं. तुमच्या भावाने आणि काकांनी ही दोन वापरली असती तर दोन पायऱ्या वाचल्या असत्या. त्यांना बोलू नका, त्यांनी प्रेमानेच केलं.

काकांच्या आवाज वाढवण्याबद्दल आणखी एक. ‘कंप्रेशन’ हा शब्द आमच्या धंद्यात दोन अर्थांनी वापरतात आणि लोक गोंधळतात. एक, फाइल लहान करणं, ज्याबद्दल मी इतका वेळ बोलतोय. दुसरं, मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण इथे दोघांची गाठ पडते. शिखरं छताला, म्हणजे फाइलीत मावणाऱ्या कमाल आवाजाला, टेकेपर्यंत आवाज वाढवला आणि मग एमपीथ्री केली, तर ती उघडताना ढोबळपणामुळे काही शिखरं छतापलीकडे जातात आणि कापली जातात. मृदंगाच्या थापेवर ‘टक्’ ऐकू येतंय का बघा. म्हणून एमपीथ्री काढण्याआधी निदान एक डेसिबल मोकळा ठेवायचा. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या शिफारशीतही शिखरांची मर्यादा तेवढीच आहे.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या पद्धतीत जातो, तोही बोलण्यापुरत्या काटकसरीत. स्पीकरवर कीर्तन लावून समोर फोन धरून व्हॉइस मेसेज करणारे काका-मावशी प्रत्येक घरात असतात. ऐकण्यापुरतं ठीक, साठवायला नको. फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि पोचल्यावर दोन्हीकडचा बाइटचा आकडा जुळवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर ते तुमचा आवाज काही झालं तरी पुन्हा घडवणारच, म्हणून त्यांना वेव्ह किंवा फ्लॅकवरून बनवलेला व्हिडिओ द्या. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकताना हवेतच आणखी एक घडवणूक होते. दर्जा तपासायचा तेव्हा वायरचाच हेडफोन घाला.

आता माळ्यावरच्या कॅसेट. तुमच्या पाच फेऱ्यांच्या फाइलवर कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही ‘एआय’ लिहिलेलं, मी लावणार नाही. ते टाळ परत आणत नाही, टाळासारखं काहीतरी स्वतःच्या मनाने रंगवतं. मूळ हातात असताना रंगकाम कशाला? कॅसेट पुन्हा उतरवा. कुणाकडून करून घेणार असाल तर त्याला दोनच गोष्टी आधी विचारा: मला वेव्ह किंवा फ्लॅक देणार का, आणि डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला जुळवणार का. दुसऱ्या प्रश्नाला तो गोंधळला तर दुसरा माणूस बघा.

हा कोन म्हणजे काय, जवळून सांगतो. ज्या टेपरेकॉर्डरवर कीर्तन भरलं त्याचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज भरणारा-वाचणारा भाग, किंचित वाकडं असणार, सगळ्यांचीच असायची. वाजवणाऱ्या डेकचं हेड सरळ असेल तर दोघांचा मेळ बसत नाही आणि वरचे स्वर पुसले जातात. डेकचं झाकण काढलं की हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगवरचा स्क्रू दिसतो. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवायचा आणि टाळ ऐकत राहायचे. एका जागी टाळ एकदम ‘उघडतात’, जणू कानातला बोळा निघाला. तिथे थांबायचं. दुकानात शंभर कॅसेट एकामागून एक उतरवणाऱ्याला एवढा वेळ नसतो. पहिल्या फेरीत तुमचे टाळ एमपीथ्रीने किती खाल्ले आणि या स्क्रूने किती, हे नव्याने उतरवल्यावर कळेल. माझा अंदाज, अर्धे-अर्धे.

कोन जुळल्यावर मगच दोन चॅनलचा एक करायचा. देवळात एकाच माइकवर भरलेली कॅसेट मुळात मोनो असते, पण स्टीरिओ डेक ती दोन चॅनलवर देतो. आवाज दोन्हींकडे सारखा, सळसळ मात्र दोन्हींकडे वेगवेगळी. दोन्ही मिसळले की आवाज पूर्ण जुळून वाढतो, सळसळ तेवढी वाढत नाही. तीन डेसिबलची फुकट सफाई. कोन न जुळवता मिसळलं तर उलट टाळच एकमेकांना खातात, म्हणून क्रम महत्त्वाचा. याचा एमपीथ्रीलाही मोठा फायदा आहे. टेपची सळसळ म्हणजे सगळ्या पट्ट्यांत सारखी पसरलेली, कधीच एकसारखी नसलेली खरखर, आणि ती जपायला सगळ्यात जास्त बाइट लागतात. तुमच्या १२८ च्या फाइलीतले कितीतरी बाइट दोन वेगवेगळ्या सळसळी जपण्यात गेले आणि टाळ उपाशी राहिले. मोनो करून ९६ वर काढलेली एमपीथ्री त्या स्टीरिओ १२८ पेक्षा उजवी वाटेल.

उतरवताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. जगभरची ध्वनिसंग्रहालयं ज्या मार्गदर्शिकेवर चालतात तिची किमान अट हीच. स्टीरिओत साठ मिनिटांची कॅसेट एक जीबीच्या किंचित वर जाते. १४ कॅसेट म्हणजे पंधरा जीबीच्या आत, फ्लॅक केल्यावर आणखी कमी. सळसळ जास्त असेल तर फ्लॅक फारशी आटत नाही, घाबरू नका. साफसफाई करायची तर ती याच फ्लॅकच्या प्रतीवर, आणि एमपीथ्री त्यानंतर. उलट क्रमाने, एमपीथ्रीवर सफाई चालवली की सफाईवाला प्रोग्रॅम भोकांनाच शांतता समजतो आणि गुळण्या दुप्पट होतात. आणि न साफ केलेली मूळ प्रत वेगळी ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन घरांत. सफाईची आजची पद्धत दहा वर्षांनी आपल्याला रांगडी वाटेल.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका मैफलीचं काम हातात होतं. डिस्क भरली, तेव्हा ती महाग होती, मी वेव्ह पुसल्या आणि १२८ च्या एमपीथ्री ठेवल्या. ऐकायला काहीच फरक नव्हता. दोन वर्षांनी गायिकेच्या घरच्यांना त्याची सीडी काढायची होती. तंबोऱ्याची गजबज जरा खाली करायला गेलो आणि जवारीच्या जागी ती शिट्टी वर आली. तीन रात्री बसलो, शेवटी आहे तशी दिली. सीडी निघाली, कुणी तक्रार केली नाही. मी ती आजवर लावलेली नाही.

तुमच्याकडे मूळ आहे, म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. कॅसेट माळ्यावरून उतरवा, पण लगेच वाजवू नका. खिडकीतून आत बघा: टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, तिला माहितगार हात लागतील. टेपला मागून दाबणारा छोटा लोकरीचा तुकडा जागेवर आहे का बघा, तो गळून पडला असेल तर टाळ कुठल्याच डेकवर येणार नाहीत. तो दुसऱ्या कोऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. आणि कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन छोट्या चिपा असतात. त्या अजून शाबूत असतील तर आधी पेचकसाच्या टोकाने मोडून टाका, म्हणजे डेकवर कुणाचा हात चुकून लाल बटणावर पडला तरी आजोबांच्या अंगावर काही रेकॉर्ड होणार नाही.